औषध हाताशी, तपासणी पुण्यात

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून हातापायांतले बळ गेलेले रुग्ण एकापाठोपाठ एक रुग्णालयांत येऊ लागले. किरकटवाडी, नांदेड, धायरी ही नावे काही आठवडे रोज बातम्यांत होती. आजार होता गुइलेन-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने रुग्णांचे शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि काहींत नोरोव्हायरस. हे दोन्ही पोटात जातात ते दूषित पाण्यातून किंवा अन्नातून. कॅम्पिलोबॅक्टरने आधी जुलाब होतात. त्यानंतर मोजक्या लोकांत शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, तोच जीबीएस.

काही दिवस चर्चा विहिरीच्या पाण्यावर होती, काही दिवस कोंबडीवर. रुग्ण कमी झाले आणि चर्चाही संपली. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. या जिवाणूवर आता कोणते औषध चालते? जीबीएस झाल्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो हे खरे. पण लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया यांना कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब गंभीर झाले, तर अँटिबायोटिक लागते. अनेक वर्षे ते सिप्रोफ्लॉक्सासिन होते. आज जगाच्या बहुतेक भागांत हा जिवाणू सिप्रोला दाद देत नाही. डॉक्टरांच्या हातात प्रामुख्याने अझिथ्रोमायसिन उरले आहे.

सिंहगड रस्त्यापासून शंभर किलोमीटरच्या आत जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके आहेत. पुणे-मुंबईच्या ताटात रोज जे पडते, त्यातले बरेच इथून निघते. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, मंचरच्या बाजारातली तरकारी, ओतूर-आळेफाट्याकडचा कांदा, गावोगावच्या संकलन केंद्रांवरचे दूध, शेडमधल्या कोंबड्या आणि अंडी. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी इथली शेती बारमाही केली. त्यातूनच एक गोष्ट घडली. दोन-चार एकरांच्या टापूत गोठा, कोंबड्यांची शेड, विहीर, कालवा, भाजीचा मळा आणि माणसांचे घर शेजारी शेजारी आले. माणसाच्या सोयीची ही रचना जिवाणूंच्याही सोयीची आहे. आतड्यातून शेणात, शेणातून पाण्यात, पाण्यातून भाजीवर आणि भाजीवरून पुन्हा आतड्यात, अशी त्यांची फेरी इथे फार लांबची नसते.

या प्रवासात औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढत जातात, ते कोणाच्या एकट्याच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. शेतकरी, पशुवैद्यक, डॉक्टर आणि दुकानदार आपापल्या जागी बसून जो हिशेब करतात, त्यात अँटिबायोटिक ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जवळची वस्तू ठरते. तपासणी दूर, स्वच्छता खर्चिक, वाट पाहणे परवडणारे नाही. औषध मात्र हाताशी. हा हिशेब बदलल्याशिवाय बंदीचे कागद आणि जागृतीची पोस्टर्स यांनी काही साधणार नाही.

शेडमधले गणित

एन्रोफ्लॉक्सासिन हे कोंबड्यांना पाण्यातून दिले जाणारे नेहमीचे औषध. ते सिप्रोफ्लॉक्सासिनचे सख्खे भावंड आहे. कोंबडीच्या शरीरात त्याच्या काही भागाचे रूपांतर सिप्रोतच होते. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात राहतो, पण बहुधा तिला आजारी पाडत नाही. शेडमध्ये भलत्याच रोगासाठी एन्रो दिले, तरी हा निरुपद्रवी वाटणारा रहिवासी औषधात न्हाऊन निघतो. त्याच्या एका जनुकात एखादा बदल झाला तरी औषध निकामी होते. बदल झालेले जिवाणू तगतात, बाकीचे मरतात आणि काही दिवसांत शेडभर तगलेल्यांची प्रजा होते. अमेरिकेत कोंबड्यांसाठी या गटातली औषधे १९९५-९६ मध्ये मंजूर झाली. त्यानंतर माणसांतला कॅम्पिलोबॅक्टर सिप्रोला दाद देईना, असे दिसू लागले. अखेर सप्टेंबर २००५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनची परवानगी काढून घेतली. भारतात ते आजही जनावरांच्या औषधांच्या दुकानात सहज मिळते.

यात शेतकऱ्याला दोषी ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. ब्रॉयलरचा मोठा धंदा आता करारावर चालतो. पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि कष्ट शेतकऱ्याचे. बॅच निघाली की मोबदला ठरतो तो वजनावर, किती खाद्यात किती वजन भरले यावर आणि मर किती झाली यावर. सुपरवायझर सांगेल ते पाण्यात टाकले जाते. बाटलीत काय आहे हे शेतकऱ्याला अनेकदा नीट माहीतही नसते. रानीखेत, गंबोरो हे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही, त्यांना लसच लागते. तरीही मर सुरू झाली की ‘एक कोर्स देऊन टाका’ हा सल्ला पहिला येतो, कारण मेलेली कोंबडी तपासून कारण कळेपर्यंत बॅच हातची जाईल ही भीती असते. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली ही गत.

कायदा मात्र आहे. २०१२ मध्ये औषध नियमांत बदल होऊन जनावरांच्या औषधांच्या लेबलवर थांबण्याचा काळ लिहिणे बंधनकारक झाले. शेवटचा डोस दिल्यापासून किती दिवस त्या जनावराचे दूध, अंडी किंवा मांस माणसाने खायचे नाही, तो हा काळ. लेबलवर विशिष्ट काळ ठरवलेला नसेल, तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबावे, असे नियम सांगतो. आता ब्रॉयलरचे आयुष्यच चाळीस दिवसांच्या आसपास. म्हणजे अशा औषधाचा शेवटचा डोस पहिल्या दहा-बारा दिवसांतच संपायला हवा. हे साधे गणित शेडच्या दारावर ठळक अक्षरांत लावलेले किती ठिकाणी दिसते?

आणखी एक टप्पा २०१९ चा. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातले शेवटच्या फळीचे औषध. बाकी सारे हरले की ते काढले जाते. ते जगभर कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यातही मिसळले जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनला निकामी करणारे एक जनुक जाहीर केले. ते डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडले. हे जनुक प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या एका छोट्या सुट्या कड्यावर होते. अशी कडी एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. म्हणून निरुपद्रवी जिवाणूत तयार झालेली ताकदही रोगजंतूच्या हाती लागते. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि मत्स्यशेतीत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. निर्णय योग्य होता. पण एका औषधाचे दार बंद झाले की शेजारचे उघडते. दाराशी जाण्याचे कारण तसेच राहिले.

गोठ्यातला तोटा

दगडी, म्हणजे कासदाह, हा संकरित गाईंच्या गोठ्यातला रोजचा शत्रू. सड सुजतो, दुधात गाठी येतात, दूध निम्म्यावर येते. पशुवैद्यक येईपर्यंत धीर धरावा तर सड कायमचा जाण्याची भीती. मग सडात ट्यूब सोडली जाते, इंजेक्शन दिले जाते. कोणता जिवाणू, कोणते औषध, हे पाहण्यासाठी दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणारे फार थोडे. जनावरांच्या रोगनिदानाची मोठी सरकारी प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे. दोन गाईंचा मालक सकाळची धार सोडून बाटलीभर दूध घेऊन औंधला जाईल, ही अपेक्षा कागदावरच शोभते.

त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड. औषध दिलेल्या गाईचे दूध सात दिवस कुठे टाकायचे? संकलन केंद्रावर दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर. औषधाचा अंश आहे की नाही यावर दुधाला पैसा जास्त मिळत नाही. खरे सांगून दूध बाजूला ठेवणारा शेतकरी स्वतःच्या खिशातून दंड भरतो. न सांगता कॅनमध्ये ओतणारा काही गमावत नाही. प्रामाणिकपणा तोट्याचा ठरवणारी व्यवस्था फार काळ प्रामाणिक माणसे तयार करत नाही.

दूध प्रकल्पांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. दुधात अँटिबायोटिक असेल तर विरजणाचे जिवाणूच मरतात, दही लागत नाही, चीज बनत नाही. मंचरजवळ चीज तयार करणारा मोठा प्रकल्प आहे. अशा ठिकाणी दूध तपासून घेणे ही धंद्याचीच गरज असते. काही मिनिटांत अंश दाखवणाऱ्या पट्ट्या बाजारात आहेत. म्हणजे तंत्र आहे, कारणही आहे. नाही तो फक्त त्या तपासणीचा लाभ खालच्या पायरीपर्यंत, दोन गाईंच्या मालकापर्यंत, पोहोचवण्याचा विचार. कासदाहाच्या सुरुवातीला कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचवते. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे, गोठा कोरडा ठेवणे, आजारी गाईची धार शेवटी काढणे या गोष्टी तर औषधाहून स्वस्त आहेत. त्या शिकवायला गोठ्यापर्यंत कोणीतरी जावे लागते, इतकेच.

टोमॅटोवरची पुडी

प्रतिजैविक म्हणजे फक्त माणसाचे आणि जनावरांचे औषध, असा समज असेल तर टोमॅटोच्या मळ्यात जावे. ठिपके, करपा दिसला की पंपाच्या टाकीत ताम्रयुक्त बुरशीनाशकाबरोबर ‘स्ट्रेप्टो’ची पुडी टाकणे ही जुनी रीत. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले आणि क्षयरोगावर चाललेले ते पहिले प्रभावी अँटिबायोटिक ठरले. ही पुडी पुणे जिल्ह्यातच बनत आली. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, तो सामान्य माणसाला परवडेल असे पेनिसिलिन देशातच तयार व्हावे म्हणून. ज्या जिल्ह्याने देशाला स्वस्त अँटिबायोटिक दिले, त्याच जिल्ह्यात ते जपून वापरण्याची रीतही सुरू झाली, तर ते शोभून दिसेल.

केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये या दोन औषधांचा शेतीतला वापर थांबवण्याचा मसुदा काढला. १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद व्हावा, असे त्यात म्हटले होते. मळ्यातली सवय मात्र मसुद्याने सुटत नाही. टोमॅटोवरचे अनेक रोग विषाणूंचे किंवा बुरशीचे असतात; त्यांच्यावर ही पुडी म्हणजे पाण्यात पैसे. पान पाहून रोग जिवाणूचा आहे की विषाणूचा हे सांगणारा माणूस बांधावर मिळाला, तर बहुतेक शेतकरी पुडीचा खर्च आनंदाने वाचवतील. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. हे काम त्याच्या अंगणातले आहे.

मळ्यातली दुसरी गोष्ट कोंबडखत. पिकाला ते उत्तम, यात वाद नाही. पण शेडमधून काढलेले ताजे खत थेट कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात गेले, तर कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू, औषधाला दाद न देणारेही, त्याबरोबर जातात. तेच खत ढीग लावून, ओलावा राखून, खालीवर करत नीट कुजवले, तर ढिगातली उष्णता ५५ अंशांपुढे जाते आणि बहुतेक रोगजंतू मरतात. जे कच्चे खाल्ले जाते त्या पिकाला कच्चे खत नाही, एवढा एक नियम पाळला तरी मोठे काम होईल.

टायफॉइडचा दोष कोंबडीला नको

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अन्नातून येणारा प्रत्येक हट्टी जिवाणू गोठ्यात किंवा शेडमध्ये तयार होत नाही. टायफॉइडचा जिवाणू फक्त माणसात राहतो. तो औषधाला सरावला, तो माणसाच्या दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात. १९४८ पासून टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल हे हुकमी औषध होते. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि केरळात कालिकतला त्याला न जुमानणारा टायफॉइड पसरला. पुढे सिप्रो आले, तेही गेले. भारतातले टायफॉइडचे बहुतेक जिवाणू आज सिप्रोला दाद देत नाहीत. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात पसरलेल्या प्रकारावर सेफ्ट्रायॅक्सोनही चालत नाही. तोंडावाटे देण्याजोगे अझिथ्रोमायसिन तेवढे उरले.

गावातला अनुभव असा असतो. चार दिवस ताप, विडाल तपासणी, ‘टायफॉइड निघाला’, मग सलाइन आणि सेफ्ट्रायॅक्सोन. विडाल तपासणीवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. पूर्वी झालेल्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच तापातही ती होकार देऊ शकते. खरे उत्तर देते ती ब्लड कल्चर तपासणी. रुग्णाच्या रक्तातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्याच्यावर कोणते औषध चालते, हे ती दाखवते. ती अँटिबायोटिक सुरू करण्याआधी करावी लागते आणि उत्तराला दोन-तीन दिवस किंवा अधिक लागतात. घोडेगावच्या किंवा ओतूरच्या दवाखान्यात तापाने फणफणलेले मूल समोर असताना नमुना पुण्याला पाठवून थांबणे डॉक्टरांना जड जाते, पालकांना त्याहून जड. शेतकरी शेडमध्ये जे करतो, तेच डॉक्टर दवाखान्यात करतात. तपासणी दूर म्हणून औषध आधी.

जुलाबांची गोष्ट तर आणखी सोपी आणि अधिक दुखरी. लहान मुलांच्या पाण्यासारख्या जुलाबांत बहुधा विषाणू कारण असतो. तिथे जीव वाचवते ते ओआरएस आणि जोडीला झिंक. प्रत्यक्षात दुकानातून मिळते ती ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलसारखी जोडगोळी. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीप्रमाणे सेफिक्झिमसारखी औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. वही असते, ती उघडून पाहणारा क्वचित येतो.

भीती नको

असे विषय निघाले की पहिला बळी शेतकऱ्याचा जातो. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला आणि राज्यभर कोंबडीचे भाव कोसळले. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीतून करोना होतो या अफवेने पुन्हा तेच झाले. त्याच वर्षी मे महिन्यात नगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या टोमॅटोवर विषाणूजन्य रोग आला, तेव्हा त्यापासून माणसालाही धोका आहे अशी आवई उठली. वनस्पतीवरचा तो विषाणू माणसाला बाधत नाही, हे सांगेपर्यंत भाव पडले होते.

म्हणून दोन गोष्टी नीट वेगळ्या समजून घ्यायला हव्यात. औषधाला दाद न देणारा जिवाणू उष्णतेला दाद देतोच. नीट शिजलेले चिकन, उकळलेले दूध यांत तो जिवंत राहत नाही. दुधात उरलेल्या औषधाच्या अंशाचे तसे नाही. उकळल्याने तो सगळा जात नाही, म्हणून तो गोठ्यातच थांबवावा लागतो. आणि जिवाणू घरात येतो तो रश्शातून नव्हे. तो येतो कच्चे चिकन कापलेल्या सुरीने चिरलेल्या काकडीतून, नळाखाली चिकन धुताना उडालेल्या शिंतोड्यांतून, न धुतलेल्या कोथिंबिरीच्या चटणीतून, चिकनच्या दुकानातल्या त्याच ठोकळ्यावरून आणि त्याच बादलीतल्या पाण्यातून. कच्च्या मांसासाठी वेगळी सुरी, ते हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि पिण्याच्या पाण्याचे क्लोरिनेशन यांनी साध्या आणि हट्टी, दोन्ही जिवाणूंची वाट एकदम अडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अंदाजाप्रमाणे दूषित अन्नाने दरवर्षी जगात ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. मरणाऱ्यांत १ लाख २५ हजार पाच वर्षांखालची मुले असतात. २०१९ या एका वर्षात औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज १२ लाख ७० हजारांचा आहे.

तालुक्याने काय मागावे

डेन्मार्कची लोकसंख्या पुणे जिल्ह्याहून कमी, पण मांस आणि दुधाच्या धंद्यात देश मोठा. तिथे १९९५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. पशुवैद्यकांना औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर मर्यादा आली. आणि जनावरे, अन्न व माणसे या तिन्हींतल्या जिवाणूंची माहिती दरवर्षी एकाच अहवालात छापायला सुरुवात झाली. पुढच्या चार-पाच वर्षांत वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक मिसळणे बंद झाले, जनावरांतला एकूण वापर जवळपास निम्म्यावर आला आणि कोंबड्यांचा धंदा बुडाला नाही. युरोपीय संघाने २००६ पासून तीच बंदी सर्वत्र लागू केली. डेन्मार्कची श्रीमंती उसनी आणता येणार नाही. पण औषधावरचा नफा कमी आणि माहिती उघड, हे सूत्र आणता येते.

जुन्नर-आंबेगावने मागायची पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही तालुक्यांसाठी मिळून एक कल्चर तपासणी केंद्र. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे माणसाच्या रक्ता-शौचाचे नमुने आणि वेगळ्या दालनात दगडीचे दूध व मेलेल्या कोंबडीचे नमुने तपासता येतील. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून रस्ते होतात, सभामंडप होतात. तसे हेही होऊ शकते. या केंद्राने दर सहा महिन्यांनी एक पानाचा तक्ता काढावा. या भागात कोणत्या जिवाणूवर कोणते औषध चालते आणि कोणते चालेनासे झाले, एवढेच त्यात असावे. तो प्रत्येक दवाखान्याच्या, पशुवैद्यकीय केंद्राच्या आणि औषध दुकानाच्या भिंतीवर लागावा. असा तक्ता समोर असता तर जीबीएसच्या साथीत विहीर की कोंबडी, ही चर्चाही कदाचित लवकर मिटली असती.

दुसरी मागणी दूध संघ आणि खासगी डेअऱ्यांकडे. फॅट आणि एसएनएफच्या रकान्याशेजारी औषध-अंशाचा तिसरा रकाना आणावा आणि स्वच्छ दुधाला लिटरमागे थोडा जादा दर द्यावा. गाईवर उपचार चालू आहेत असे आपणहून सांगणाऱ्याच्या त्या दिवसांच्या दुधाची निदान अंशतः भरपाई व्हावी. खोटे पकडण्यापेक्षा खरे बोलणे परवडेल असे करणे स्वस्त पडते.

तिसरी मागणी कराराने कोंबड्या देणाऱ्या कंपन्यांकडे. प्रत्येक बॅचबरोबर दिलेल्या औषधाचे नाव, तारीख, पशुवैद्यकाची सही आणि थांबण्याचा काळ हे मराठीत लिहिलेले कार्ड शेतकऱ्याच्या हाती असावे. शेड शेतकऱ्याची असेल, तर तिथे काय ओतले जाते हे जाणण्याचा हक्कही त्याचाच.

चौथी मागणी डॉक्टर आणि पालक, दोघांकडे. तापात अँटिबायोटिकआधी कल्चर, जुलाबात आधी ओआरएस. टायफॉइडची लसही हाताशी आहे. सार्वजनिक मोहिमेतून मुलांना टायफॉइडची नवी संयुक्त लस देण्याचा जगातला पहिला प्रयोग २०१८ मध्ये आपल्याच राज्यात, नवी मुंबई महापालिकेने केला. ज्या मुलाला टायफॉइडच होत नाही, त्याला औषध लागत नाही. आणि जे औषध वापरलेच नाही, त्याला जिवाणू सरावत नाही.

यावर ‘आता फार उशीर झाला’ असे म्हणणारे भेटतात. त्यांना उत्तर टायफॉइडच्याच इतिहासात आहे. डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल जवळपास सोडून दिले, त्यानंतरच्या वर्षांत भारतातले टायफॉइडचे बहुसंख्य जिवाणू त्या जुन्या औषधाला पुन्हा दाद देऊ लागले. निरुपयोगी झालेली ताकद वागवत राहणे जिवाणूला अनेकदा परवडत नाही. प्रत्येक औषधाच्या बाबतीत असे होईलच असे नाही, पण विश्रांती दिलेले औषध परत येऊ शकते, हे सिद्ध झाले आहे. माणसाचा हिशेब बदलला तर जिवाणूचाही बदलतो. तो बदलण्याची सुरुवात दिल्लीतून नव्हे, मंचरच्या एका प्रयोगशाळेतून आणि दूध संकलन केंद्रावरच्या एका जादा रकान्यातूनही होऊ शकते.